शुगर, बीपी आणि मन : एकाच दवाखान्यात तपासायच्या तीन गोष्टी

नांदेडच्या एका वस्तीत आम्ही दर आठवड्याला दवाखाना चालवतो. तिथे एक मावशी चार वर्षांपासून येतात. पन्नाशी ओलांडलेली, चार घरची धुणीभांडी करतात, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. गेल्या वर्षी त्यांची उपाशीपोटीची शुगर अडीचशेच्या वर गेली. आम्ही गोळी वाढवली. महिन्याने पाहिले तर तीच गत. पुन्हा गोळी वाढवली. "मावशी, गोड खाता का? भात कमी करा," म्हणून रागावलोही. त्या खाली मान घालून "बरं" म्हणायच्या आणि निघून जायच्या.

तिसऱ्या महिन्यात सोबत सून आली. तिने पिशवीतून गोळ्यांची पाकिटे काढून टेबलावर ठेवली. निम्म्याहून जास्त पाकिटे भरलेलीच होती. धाकटा भाऊ वारल्यापासून मावशींनी गोळ्या जवळजवळ सोडल्या होत्या. रात्री दोनलाच उठून बसायच्या. जेवण अर्ध्या भाकरीवर आले होते. विहारात जाणेही बंद झाले होते. "मावशी, मनाला काय होतंय?" असे आम्ही तेव्हा पहिल्यांदा विचारले. त्या म्हणाल्या, "कशापायी घेऊ गोळ्या? कशातच जीव लागंना."

चूक मावशींची नव्हती, आमची होती. तीन महिने आम्ही शुगर मोजली, मनाचे काही विचारले नाही. दोनदा वाढवलेला तो डोस त्यांनी एखाद्या दिवशी उपाशीपोटी घेतला असता, तर शुगर एकदम उतरून जिवावर बेतले असते. असे कुणाच्या घरी होऊ नये म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हा विषय घेत आहोत. शुगर, बीपी, दमा, संधिवात, पॅरालिसिस, टीबी, सिकलसेल असे लांबणारे आजार आणि मनाचे आजार हे दोन वेगळे कप्पे नाहीत. ते एकमेकांना वाढवतात, आणि दोघांवर मिळून उपचार केले तर दोन्ही लवकर आटोक्यात येतात.

दोन्हीकडून वाहणारे पाणी

आधी शरीराकडून मनाकडे पाहू. एकदा शुगर निघाली की गोळी बहुधा जन्मभराची होते. खर्च वाढतो, मजुरी बुडते, पायाची आग होते, नजर कमी होते. "आता आपण घरावर ओझं झालो" हा विचार घर करतो. मधुमेह नसलेल्यांच्या मानाने मधुमेही लोकांत नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, जवळपास दुप्पट आढळते असे जगभरातल्या अभ्यासांतून दिसले आहे. हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसनंतरही नैराश्य पुष्कळांना येते. विदर्भातल्या आपल्या नातेवाइकांच्या घरांत सिकलसेल आहे, इकडे किनवट-माहूरच्या भागातही तो दिसतो. वारंवार होणारे त्याचे दुखणे लहान मुलाचेही मन खचवते.

आता मनाकडून शरीराकडे. काळजी आणि भीती सतत राहिली की शरीर धोका आल्यासारखे वागते. अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात जास्त सुटतात. त्यांनी हृदयाचे ठोके आणि बीपी वाढते, यकृतातली साखर रक्तात उतरते. म्हणजे गोड न खाताही शुगर वाढू शकते. त्यातच झोप मोडते, चालणे बंद होते, तंबाखू आणि दारू वाढते, गोळी घ्यायची इच्छा राहत नाही. डॉक्टरला वाटते औषध लागू पडत नाही. खरे तर औषध पोटात गेलेलेच नसते.

आपल्या वस्तीत याला आणखी कारणे आहेत. हाताला काम नसणे, कर्ज, पाण्याची ओढाताण, ऊसतोडीला सहा महिने गाव सोडणे, नवऱ्याची दारू, गावात जातीवरून झालेला अपमान किंवा अत्याचार. ही कारणे खरी आहेत, गोळीने ती जात नाहीत. त्यांच्याशी लढायचेच आहे. पण लढणाऱ्या माणसाची झोप आणि भूक शाबूत राहिली पाहिजे, म्हणून उपचारही घ्यायचा आहे.

मन शरीराच्या भाषेत बोलते

दवाखान्यात येऊन "मला नैराश्य आले आहे" असे कुणी म्हणत नाही. आमच्याकडे येणारे म्हणतात : डोकं जड झालंय, अंग मोडून येतंय, छातीत धडधड होते, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, पोटात खड्डा पडतो, गळून गेल्यासारखं वाटतं. मग सलाईन लावायला सांगतात, ताकदीचे इंजेक्शन मागतात. सलाईन म्हणजे बहुतेक वेळा मीठपाणी किंवा साखरपाणी असते. दोन दिवस बरे वाटते, कारण कुणीतरी आपल्याकडे लक्ष दिलेले असते. तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पहिल्यासारखे. पाचशे-सातशे रुपये मात्र गेलेले असतात.

हे दुखणे खोटे नसते. नैराश्यात अंग खरेच दुखते, छाती खरेच धडधडते. म्हणून घरच्यांनी "सोंग करते" असे कधी म्हणू नये.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. सगळेच मनाचे म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड कमी पडले तर सुस्ती, वजन वाढणे आणि उदासपणा येतो. रक्त कमी असेल तर धाप लागते, धडधड होते. बी-१२ कमी पडले तर मुंग्या येतात. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षे चालू असेल तरी बी-१२ कमी होऊ शकते. शुगर अचानक उतरली तर घाम, थरथर आणि घबराट होते; ते अगदी मनाच्या घबराटीसारखे दिसते. अशा वेळी आधी शुगर तपासा, आणि तपासायची सोय नसेल तर दोन-तीन चमचे साखर पाण्यातून द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता १०८ला फोन करा. छातीत पहिल्यांदा कळ आली, ती हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर टेन्शन समजून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

किल्लारीचा धडा

लातूर जिल्ह्याला हे नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे घराखाली गेली. मोडलेली हाडे जोडली गेली, गावे नव्याने बांधली. मन मात्र कुणाला दिसत नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मग भूकंपग्रस्तांच्या मनावर झालेल्या परिणामांचा अभ्यास हाती घेतला. नाटक-सिनेमामुळे आपल्याला माहीत असलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे त्यात प्रमुख होते. मोठ्या आघातानंतर मनाची सेवा गावातल्या आरोग्य केंद्रापर्यंत न्यावी लागते, ही जाणीव मराठवाड्यात तेव्हापासून आहे. आजही त्या भागातले काही वृद्ध बीपीच्या गोळ्या न्यायला येतात आणि बोलता बोलता सांगतात, रात्री दार वाजले तरी दचकून जाग येते. तीस वर्षांनंतरही विचारणारा भेटला की माणूस बोलतो.

२०१५ साली राज्य सरकारने मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्यामुळे आशाताईंनी घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करावी आणि गरज असलेल्यांना उपचारापर्यंत न्यावे, अशी त्याची आखणी होती. नांदेड आणि लातूर दोन्ही त्यात आहेत. म्हणजे आशाताईला मनाचे सांगणे हा तिच्या कामाचाच भाग आहे, तिच्यावर उपकार मागणे नव्हे.

दोन प्रश्न, दोन आठवडे

मनाची तपासणी करायला मशीन लागत नाही. महिन्याला शुगर पाहता तसे स्वतःला किंवा घरातल्या आजारी माणसाला दोन प्रश्न विचारा.

१. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, निराश राहिले का?
२. पूर्वी आवडणाऱ्या कामात, माणसांत, गाण्यात, नातवंडांत मन रमेनासे झाले का?

दोन्हींपैकी एकाचे जरी उत्तर "हो" असेल तर पुढचे पाहा. झोप मोडते किंवा फार येते का? भूक गेली का? थकवा, स्वतःला दोष देणे, कशात लक्ष न लागणे, जगावेसे न वाटणे आहे का? यांतल्या चार-पाच गोष्टी दोन आठवडे टिकल्या असतील तर हा स्वभाव नव्हे, आळसही नव्हे. हा आजार आहे, आणि तो बरा होतो.

मृत्यूचे दुःख वेगळे असते. जवळचे माणूस गेल्यावर रडू येणारच, त्याला औषध लागत नाही. पण महिनोन्‌महिने अन्न तुटले, गोळ्या सुटल्या, जगणे नकोसे झाले, तर डॉक्टरला सांगितलेच पाहिजे. आमच्या मावशींचे तेच झाले होते.

दोन मिनिटांत डॉक्टरला काय सांगाल?

२०१७ साली ६७ देशांतल्या दवाखान्यांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतात डॉक्टर एका रुग्णाला सरासरी दोनेक मिनिटेच देतात, असे त्यात दिसले. आमच्या दवाखान्यातही गर्दीच्या दिवशी तेच होते. म्हणून वेळ वाया जाऊ न देता असे सांगा :

"डॉक्टर, माझी शुगर वाढली आहे. पण दोन महिन्यांपासून झोपही नाही आणि कशात मन लागत नाही. गोळ्या चुकतात." एवढे एक वाक्य पुरे. ते पहिल्यांदाच बोला, उठता उठता नको.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. आयुर्वेदिक, मेडिकलवरून परस्पर आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. चुकलेल्या गोळ्या लपवू नका. दारू पीत असाल तर तेही सांगा. डॉक्टर रागावले तरी खरे सांगा, कारण खोट्या माहितीवर वाढवलेला डोस घातक असतो. एकट्याला बोलायचे असेल तर तसे सांगून घरच्यांना बाहेर बसवायला संकोच करू नका. बायकांना सासू-नवऱ्यासमोर बोलता येत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

साध्या दवाखान्यातही हे उपचार होऊ शकतात का? होतात. गोव्यात २४ दवाखान्यांत मानस नावाचा मोठा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांशी बोलायचे, गरज असेल तेव्हा डॉक्टरांनी औषध द्यायचे, अशी ती पद्धत होती. सरकारी आरोग्य केंद्रांत या पद्धतीने जास्त रुग्ण बरे झाले. पुढे चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या मधुमेहाच्या दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०२०मध्ये छापून आला. ज्यांच्याकडे एक कार्यकर्ता सतत विचारपूस करत होता, त्यांच्या मनाची आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांपैकी एखाद्या गोष्टीची सुधारणा एकत्रितपणे जास्त झाली. विचारपूस हाही उपचार आहे, हे यातून शिकायचे.

औषधांविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"मनाच्या गोळ्यांची सवय लागते का?" नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा होत नाही. त्या लगेच परिणाम दाखवत नाहीत, दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, ती बहुधा थांबते. बरे वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते. मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

"मग झोपेच्या गोळीचे काय?" सवय लागते ती हिची. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर घेऊ नका. त्या थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या असतात. दारूसोबत त्या जिवावर बेततात.

"शुगरच्या गोळीसोबत चालते का?" चालते, पण डॉक्टरला दोन्ही माहीत पाहिजे. मनाच्या काही औषधांनी वजन आणि शुगर वाढते. म्हणून ती सुरू करताना आणि नंतर दर काही महिन्यांनी वजन, शुगर आणि बीपी तपासायला सांगा.

"औषधच लागते का?" सौम्य त्रासात बोलणे, समुपदेशन, रोज अर्धा तास चालणे, ठरल्या वेळी झोपणे आणि आवडीचे एक काम पुन्हा सुरू करणे यानेही फरक पडतो. त्रास जास्त असेल तर औषध आणि समुपदेशन दोन्ही.

"ध्यान केले तर?" तथागतांनी दोन बाणांचे उदाहरण दिले आहे. एक बाण शरीराला लागतो, त्या दुःखाने व्याकूळ झालेल्या माणसाला दुसरा बाण मनाला लागतो. आनापानाचा सराव दुसऱ्या बाणाची वेदना कमी करायला मदत करतो. पण ज्याला दुसरा बाण लागला तो साधनेत कमी पडला, असा अर्थ काढू नका. आजाराचा बाण उपासना कमी पडल्याने लागत नाही. विहारातही बसा आणि गोळीही घ्या.

"बाहेरचं झालंय, एकदा दाखवून आणू का?" नको. करणी, भानामती, अंगात येणे यावर पैसा आणि वेळ घालवून लोक आमच्याकडे येतात तेव्हा आजार जुना झालेला असतो. आजारी माणसाला मारणे, डांबणे, धुरी देणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मनाचा जुना आजार असलेल्यांचे शरीर

आपल्या वस्तीत कुणाला संशय येतो, कानात आवाज येतात, कुणी एकटेच बडबडते. अशा माणसाच्या पोटात दुखले तरी "त्याचं काय ऐकता" म्हणून कुणी लक्ष देत नाही. कधी कधी दवाखान्यातही देत नाहीत. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे लवकर मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले पुष्कळ मृत्यू हृदयाच्या आणि तत्सम शारीरिक आजारांनी होतात, जे वेळीच तपासले तर टळू शकतात. म्हणून अशा नातेवाइकाचीही वर्षातून एकदा तरी शुगर, बीपी, वजन, दात आणि छाती तपासून घ्या. तिशीनंतरच्या सगळ्यांसाठी असलेल्या सरकारी तपासणीत त्यांचेही नाव घाला.

घरच्यांनी काय करावे?

गोळ्या एका डब्यात आठवड्याच्या हिशोबाने ठेवा. उरल्या तर न रागावता कारण विचारा. जेवताना सोबत बसा. "मन घट्ट कर" या उपदेशापेक्षा "चल, विहारापर्यंत जाऊन येऊ" हे जास्त उपयोगी पडते. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाण्याआधी दवाखान्यातून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या आणि लिहून दिलेली चिठ्ठी मागून घ्या. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला किंवा दाभडच्या बावरीनगरला धम्म परिषदेला निघताना गोळ्या पिशवीत घ्या, उपाशी फिरू नका. आणि सेवा करणाऱ्या सुनेला, मुलीलाही कधीतरी विचारा, "तू कशी आहेस?" तिचे मनही थकते.

जगणे नको वाटत असेल तर

"जगून काय करायचं" असे कुणी म्हणाले तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट मनावरचे ओझे उतरते. त्या माणसाला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध, इन्सुलिन, गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात आणि कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते. विष घेतले असेल तर १०८ला फोन करा, वाट पाहू नका. पोलीस केसच्या भीतीने लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यात असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते आणि त्याची काळजी घेणे सरकारचे काम मानले आहे.

कुठे जावे?

आधी जवळचे उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शुगर-बीपीची तपासणी तिथेच होते. पुढे गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. केसपेपर काढताना "मनोविकार विभाग" असे स्पष्ट सांगा, लाजू नका. त्याच फेरीत शुगर-बीपीचेही दाखवा, म्हणजे दुसरी मजुरी बुडणार नाही. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा २०१७च्या कायद्याने आपला हक्क आहे. जुना मानसिक आजार आणि सिकलसेल हे दोन्ही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत, त्यामुळे प्रमाणपत्रासाठीही चौकशी करा.

शेवटी

आजारी असणे हा कमीपणा नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, नजर कमी झाली होती. रमाईंचा दीर्घ आजार आणि १९३५ साली त्यांचे जाणे, हे दुःख त्यांनी सोसले. पुढे माईसाहेबांनी डॉक्टर म्हणून त्यांची औषधे, इन्सुलिन आणि पथ्य सांभाळले. त्यांनी उपचार नाकारले नाहीत, मदत घेतली, आणि शेवटपर्यंत लिहीत राहिले. मदत घेणारा माणूस दुबळा नसतो, हे आपल्या घरातच शिकायला मिळते.

आमच्या मावशी आता बऱ्या आहेत. आम्ही शुगरचा डोस पूर्वीइतकाच केला, मनाची एक गोळी सुरू केली, आणि आशाताई आठवड्यातून एकदा पाच मिनिटे त्यांच्या ओट्यावर बसू लागल्या. चार महिन्यांनी शुगर दीडशेच्या आत आली. भावाची आठवण अजून येते, रडूही येते. पण पौर्णिमेला त्या पुन्हा विहारात येतात. आता आमच्या केसपेपरवर शुगर आणि बीपीच्या रकान्याखाली तिसरा रकाना आखला आहे : "मन कसं आहे?" तुमच्या डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा. आणि आज संध्याकाळी घरातल्या गोळ्या खाणाऱ्या माणसाला एकदा विचारून बघा.